कुरणातले पाडस आणि आपले हात



शाळेत शिकवीत असताना आम्ही तासाच्या आरंभी फळ्यावर एकच प्रश्न लिहीत असू आणि घंटा होईपर्यंत मुलांबरोबर त्याचे उत्तर शोधीत असू. निवृत्त झालो तरी ती सवय सुटलेली नाही. आजच्या धड्याचा प्रश्न असा: रानातल्या प्राण्यांचे दुःख हलके करणे हे माणसाचे काम आहे काय?

घरच्या गाईबैलांविषयी कोणी शंका घेणार नाही. जो आपल्यासाठी राबतो त्याला चारापाणी द्यावे, त्याला विनाकारण मारू नये, हे आपल्या आजीपणजींना पुस्तकावाचून ठाऊक होते. पण हरीण, कोल्हा, बेडूक यांना आपण पाळलेले नाही. त्यांचे जगणे-मरणे त्यांच्या निर्माणकर्त्याच्या हाती. मग त्यात आपण हात घालावा काय? घालावा तर कुठवर? या प्रश्नासाठी आम्ही उदाहरण निवडले आहे ते जर्मनीचे. हे नाव वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणतो. त्याविषयी पुढे बोलूच.

१. एक जुनी आठवण

आमचे बालपण कोकणात, अलिबाग तालुक्यात गेले. त्या वेळी त्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ साली आले. घरची थोडी भातशेती होती. पावसाळ्यापूर्वी भाजावळ होई. कवळ, पेंढा, पातेरा दाढीवर पसरून तो पेटवायचा, म्हणजे तरवा जोमाने येतो. आम्ही नऊ वर्षांचे असताना पहिल्यांदा चूड आमच्या हाती मिळाली. केवढा अभिमान वाटला! एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालून सारखी ओरडत होती. कोणी म्हणाले, "टिटवी ओरडतेच, तू पेटव." आम्ही पेटवले.

आग विझल्यावर राखेत चार अंडी सापडली, काळी पडलेली. टिटवी झाडावर घरटे बांधीत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते, हे आम्हांला शाळेत शिकविले होते. पण शिकलेले वेळेवर आठवले नाही. घरी आलो तेव्हा आजी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आधी एकदा फिरून बघायचे होतेस, बाळ."

हे वाक्य आम्ही साठ वर्षे बरोबर बाळगले आहे. आजचा सारा धडा त्या एका वाक्यात आहे.

२. गवतातले पाडस

जर्मनीत 'रेह' नावाचे एक लहान हरीण सर्वत्र आढळते. ते आपल्या चितळाहून पुष्कळ लहान असते. मे आणि जून महिन्यांत मादीला पाडसे होतात, बहुधा दोन. मादी त्यांना उंच गवतात वेगवेगळ्या ठिकाणी लपवून ठेवते, स्वतः दूर चरते आणि केवळ पाजण्यापुरती त्यांच्यापाशी येते. पाडसाच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, त्याला वास जवळजवळ नसतो आणि पहिले दोनतीन आठवडे ते संकट आले की पळत नाही. अंग जमिनीला घट्ट चिकटवून निपचित पडून राहते. कोल्हा दोन पावलांवरून निघून जातो, त्याला पत्ता लागत नाही. निर्माणकर्त्याने त्या जिवाला दिलेले हे शहाणपण हजारो वर्षे पुरले.

पण ज्या आठवड्यांत पाडसे जन्मतात त्याच आठवड्यांत कुरणांची कापणी होते. पूर्वी माणसे ओळीने उभी राहून लांब दांड्याच्या विळ्यांनी गवत कापीत; वाटेत पाडस आले तर ते दिसे. आता ट्रॅक्टरला जोडलेली यंत्रे आहेत. कित्येकांची रुंदी नऊ मीटरहून अधिक असते आणि ती वेगाने चालतात. शिवाय मुरघासासाठी गवत कोवळे असतानाच, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर, कापतात. यंत्राचा आवाज ऐकून पाडस तेच करते जे त्याच्या जातीने नेहमी केले: हलत नाही. चालकाला उंच आसनावरून गवताखाली काही दिसत नाही. पुष्कळदा ते तत्काळ मरतही नाही; पाय तुटलेल्या स्थितीत तासन् तास पडून राहते. सशाची पिल्ले आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांचीही गत तीच.

जर्मनीत दर वर्षी अशी किती पाडसे सापडतात? वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्था एक लाखाच्या आसपास आकडा सांगतात. तो अंदाज आहे, मोजदाद नव्हे. गवतात मेलेल्यांची मोजदाद कोण करणार? पण निम्मा धरला तरी तो लहान नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कथेत कोणी दुष्ट नाही. शेतकऱ्याला गाईंसाठी चारा हवा. उलट मेलेले जनावर मुरघासात गेले तर त्यात विष तयार होते आणि त्याच्याच गाई दगावू शकतात. म्हणजे त्याचाही लाभ नाही. दुःख झाले ते केवळ न बघितल्याने.

३. पहाटेची फेरी

आमची एक भाची बायर्न प्रांतात राहते. जर्मनीला जावे की न जावे यावर आमच्या घरी पुष्कळ बोलणे झाले. शेवटी एका जून महिन्यात गेलो. एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, पहाटे चार वाजता उठाल का? आमच्या गावची मंडळी पाडसे शोधायला जातात." आम्ही गेलो, आणि जे पाहिले ते सांगतो.

कुरणाच्या कडेला पाचसहा माणसे जमली होती: एक शेतकरी, त्या भागातल्या शिकारीचा हक्क ज्याच्याकडे होता तो गृहस्थ, दोन विद्यार्थिनी, एक निवृत्त टपाल कर्मचारी. त्यांनी एक ड्रोन उडविला. त्याला उष्णता टिपणारा कॅमेरा बसविलेला असतो. पहाटे जमीन थंड असते आणि पाडसाचे अंग उबदार. त्यामुळे पडद्यावर करड्या कुरणात एक पांढरा ठिपका उमटतो. ऊन वर आले की दगड आणि मातीची ढेकळेही तापतात आणि ठिपकेच ठिपके दिसू लागतात. म्हणून हे काम सूर्य वर येण्याआधी उरकावे लागते.

ठिपका दिसला की दोघे जण चालत तिथवर जातात. हातांत हातमोजे, आणि त्यावर उपटलेल्या गवताच्या जुड्या. पाडसाला माणसाचा वास लागू नये यासाठी ही खबरदारी. गवतासकट त्याला उचलून, हवा खेळेल अशा खोक्यात ठेवतात आणि खोके कडेच्या सावलीत नेतात. कापणी संपताच खोके उघडतात. पाडस 'फीप फीप' असा बारीक आवाज करते, आई जंगलाच्या कडेवरून ऐकत असते; माणसे दूर गेली की ती येते.

त्या सकाळी तीन पाडसे सापडली. तिसरे इतके लहान होते की त्या विद्यार्थिनीच्या दोन तळहातांवर मावले. ती श्वास रोखून चालत होती. आम्हांला आमच्या राखेतली चार अंडी आठवली आणि डोळे भरून आले, हे लपविण्यात अर्थ नाही.

हे तंत्र एका दिवसात आले नाही. म्युनिकजवळच्या ओबरफाफेनहोफेन येथील जर्मन अवकाश संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी उष्णता टिपणाऱ्या यंत्रांनी पाडसे शोधण्यावर अनेक वर्षे काम केले. पुढे ड्रोन स्वस्त झाले आणि गावोगावी स्वयंसेवकांची मंडळे निघाली. २०२१ पासून केंद्रीय कृषि मंत्रालयाने अशा मंडळांना ड्रोन घेण्यासाठी अनुदान द्यावयास सुरुवात केली.

ज्यांच्याकडे ड्रोन नाही त्यांनी काय करावे? आदल्या संध्याकाळी कुरणात काठ्या रोवून त्यांना फडफडणाऱ्या पिशव्या बांधाव्यात. नव्या वस्तूला बिचकून आई रात्रीत पाडसाला घेऊन जाते. कापणी कडेकडून आत न करता मधून बाहेर करावी, म्हणजे जे पळू शकतात त्यांना वाट मिळते. आणि सर्वांत जुना उपाय: माणसांनी रांग धरून कुरणातून एकदा फिरून बघावे. आजीचाच उपाय!

४. हाच तो देश

आता तो अवघड प्रश्न. हाच देश ना, ज्याने १९३३ च्या नोव्हेंबरात प्राणिरक्षणाचा मोठा कायदा केला? होय. आणि त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात प्राण्याला आधी बेशुद्ध न करता कापण्यास बंदी करून यहुदी शेहिटा बंद पाडला. प्राण्यांची दया हे कारण पुढे केले. निशाणा होता माणसांवर. १९४२ साली यहुद्यांना घरी कुत्रे, मांजर, पक्षी पाळण्यासही मनाई झाली. ड्रेस्डेनचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की त्यांना आपली मांजर त्या वर्षीच्या मे महिन्यात पशुवैद्याकडे नेऊन मारवावी लागली. प्राण्यांचे रक्षक म्हणविणाऱ्यांनी मांजरीलाही सोडले नाही, कारण ती यहुद्याच्या घरची होती. माणसांचे त्यांनी काय केले ते येथे सांगावयास नको.

यातून कोणी म्हणेल, प्राण्यांच्या दयेच्या गोष्टी बोलणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. आम्ही निराळा धडा घेतो. जी दया एकाला उचलण्यासाठी दुसऱ्याला तुडविते ती दया नव्हेच. पण लुटारूने चोरलेली वस्तू लुटारूची होत नाही. दया आपली होती, आपलीच आहे. ती त्यांच्या हाती गेली म्हणून आपण टाकून का द्यावी?

आजचा जर्मन कायदा १९७२ सालचा आहे. योग्य कारणाशिवाय कोणीही प्राण्याला वेदना, यातना किंवा इजा करू नये, हे त्याचे मूळ सूत्र. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला योग्य कारणाशिवाय ठार मारणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. न बघता यंत्र चालविणाऱ्या शेतकऱ्यांना न्यायालयांनी या कायद्याखाली शिक्षा केल्या आहेत. २००२ साली प्राण्यांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य म्हणून देशाच्या घटनेतही लिहिले गेले. आणि त्याच १९७२ च्या कायद्यात आज धार्मिक समाजांच्या शेहिट्यासाठी परवानगीची तरतूद आहे, हेही नमूद केले पाहिजे.

५. कोल्ह्याची लस

पाडसाला इजा होते ती आपल्या यंत्राने. पण जे दुःख आपण दिलेले नाही, त्याचे काय? येथे दुसरे उदाहरण पाहू.

आपण मराठीत 'कोल्हा' म्हणतो तो निराळा. युरोपातला तांबूस झुपकेदार शेपटीचा प्राणी म्हणजे आपल्या खोकडाचा भाऊबंद. तिकडचा म्हणून येथे त्यालाच कोल्हा म्हणू. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, पूर्वेकडून या कोल्ह्यांत पसरत आला. रोगी कोल्ह्याची माणसाची भीती जाते, घशाला लकवा होतो, पाणी गिळवत नाही आणि काही दिवसांत तडफडून मृत्यू येतो. त्यांच्याकडून रोग गाई, कुत्री, हरणे आणि माणसे यांच्याकडे जाई.

प्रथम लोकांनी कोल्हे मारण्याचा उपाय केला. बंदुकी चालविल्या, १९७० च्या दशकापर्यंत बिळांत विषारी वायूही सोडला. त्या बिळांत राहणारे बॅजर नावाचे निरुपद्रवी प्राणीही त्यात गुदमरून मेले आणि कित्येक भागांतून दिसेनासे झाले. रोग मात्र थांबला नाही. कारण मारलेल्या कोल्ह्याच्या रिकाम्या जागेवर दुरून तरुण कोल्हे भटकत येत आणि रोगही घेऊन येत.

मग उलट विचार झाला: कोल्ह्याला मारण्याऐवजी त्यालाच लस द्यावी. पण रानातल्या कोल्ह्याला सुई कोण टोचणार? म्हणून तोंडाने घेण्याची लस काढली. १९७८ साली स्वित्झर्लंडने कोंबडीच्या मुंड्यांत लसीची कुपी घालून त्या रानात ठेवल्या. १९८३ साली पश्चिम जर्मनीने हा प्रयोग सुरू केला. ट्युबिंगेन येथील सरकारी संशोधन संस्थेने मुंड्यांऐवजी यंत्राने बनविता येईल असे आमिष तयार केले: चरबी आणि मासळीच्या कुटाचा वडीसारखा तुकडा, आत कुपी. कोल्हा तो चावतो, कुपी फुटते, लस तोंडाच्या आतल्या त्वचेला लागते आणि काम होते. आरंभी शिकाऱ्यांनी हातांनी आमिषे ठेवली, पुढे विमानांतून टाकली. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, पंचवीस वर्षे हे चालले. जर्मनीतला कोल्ह्याच्या रेबीजचा शेवटचा रुग्ण फेब्रुवारी २००६ मध्ये आढळला आणि २००८ मध्ये देश या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. वटवाघळांत त्याचा एक निराळा प्रकार अद्याप आहे, पण जमिनीवरच्या प्राण्यांतून तो गेला.

इस्राएलमध्येही १९९८ पासून कोल्ह्यांसाठी आणि खोकडांसाठी अशी आमिषे टाकण्यात येत आहेत.

हे सारे माणसाने माणसासाठी केले, हे खरे. पण लाभ कोल्ह्यालाही झाला. आमच्या मते यात मोठे शिक्षण आहे: मारून जे साधले नाही ते वाचवून साधले.

मात्र गोष्ट येथेच संपली असे समजू नये. रोग गेल्यावर कोल्हे वाढले. त्यांच्या पोटातला एक पट्टकृमी माणसाला झाला तर यकृत पोखरतो. त्याची चिंता वाढली. म्हणून म्युनिकजवळच्या श्टार्नबेर्ग भागात कृमिनाशक औषध घातलेली आमिषे ठेवण्याचे काम करण्यात आले. एक गाठ सोडविली की दोऱ्याचे दुसरे टोक ओढले जाते. जो रानात हात घालतो त्याने पुढची कित्येक वर्षे लक्ष ठेवण्याची तयारी ठेवावी.

६. शास्त्र काय सांगते

आपल्या तोरात प्राण्यांविषयीच्या आज्ञा पुष्कळ आहेत. मळणीच्या बैलाचे तोंड बांधू नये, ओझ्याखाली पडलेले गाढव वैऱ्याचे असले तरी उठवावे. या पाळीव जनावरांच्या आज्ञा. पण दोन आज्ञा रानच्या जिवांच्याही आहेत, आणि तिकडे आपले लक्ष कमी जाते. पहिली अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात: वाटेवर पक्ष्याचे घरटे आढळले तर आईला पिल्लांसकट धरू नये, तिला सोडून द्यावे. दुसरी निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात: शेमिटाच्या सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी, गरिबांनी तिचे खावे आणि उरेल ते रानातल्या श्वापदांनी खावे. म्हणजे रानातल्या पशूचाही आपल्या शेतात वाटा आहे!

घरट्याची आज्ञा दयेसाठी की केवळ आज्ञापालनासाठी, यावर आपल्या हाखामांत मतभेद होता. रांबाम (११३८–१२०४) यांनी 'मोरे नेवूखिम' या ग्रंथात दयेचा पक्ष घेतला आहे. पिल्लासाठी आईचा जीव तुटणे हे बुद्धीवर अवलंबून नाही, ते जसे माणसात तसेच पशूत, असा त्यांचा विचार. आमची टिटवी याहून निराळे काय सांगत होती?

७. कुठे थांबावे?

आता प्रश्नाच्या उत्तराकडे येऊ. कोणी विचारील, कोल्हा पाडसाला खातो, मग कोल्ह्यालाही अडवावे काय? आम्ही म्हणतो, नाही. कोल्ह्याच्या बिळातही भुकेली पिल्ले आहेत. तो हिशेब मांडण्याइतके ज्ञान आपल्यापाशी नाही. शिवाय वाचविलेले पाडस मोठे झाल्यावर कदाचित त्याच शिकारीवाल्या गृहस्थाच्या बंदुकीला बळी पडेल. आम्ही हे त्या पहाटे त्यांना विचारलेही. ते म्हणाले, "ते मला ठाऊक आहे. पण यंत्राखाली अर्धमेले पडणे आणि ते, एक नव्हे." उत्तर पूर्ण समाधान करणारे नव्हते; पण प्रामाणिक होते.

म्हणून आम्ही तीन पायऱ्या मानतो. पहिली: जे दुःख आपल्या हातून, यंत्रातून, रस्त्यातून होते, ते टाळणे हे कर्तव्य, तेथे सबब नाही. जर्मनीत वसंतात बेडूक तळ्याकडे निघतात तेव्हा स्वयंसेवक रस्त्याकडेला बुटके कुंपण घालतात, कुंपणाशी पुरलेल्या बादल्यांत पडलेले बेडूक रोज उचलून पलीकडे नेतात. ते याच पायरीवरचे काम. दुसरी: रोगासारखे जे दुःख आपण दिलेले नाही पण ज्यावरचा उपाय आपण नीट पारखला आहे, तेथे जपून हात द्यावा. तिसरी: जेथे परिणाम कळत नाही तेथे हात मागे घ्यावा आणि शिकत राहावे.

केवळ मन कोवळे असून भागत नाही. दर वर्षी भल्या मनाची माणसे गवतात एकटे पाडस पाहून ते पोरके समजतात आणि घरी आणतात. त्याची आई जवळच असते! अशी पाडसे बहुधा जगत नाहीत. दयेला माहितीची जोड हवी.

आणि हे सारे केवळ परदेशातच घडते असे नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या बाजूला, ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची पिल्ले फडात सापडतात. पूर्वी गोंधळ उडे. आता वनखाते आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य पिल्ले तपासून, संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात. अंधार पडला की आई येऊन त्यांना तोंडात धरून नेते. बायर्नचे पाडस आणि जुन्नरचे पिल्लू, खोके एकच. आई परत नेते आणि पुन्हा तिच्या पिल्लासाठी गावाच्या वाटेला येऊन कोणावर झडप घालीत नाही, हा माणसाचाही लाभ.

वाचकहो, आम्ही जाळलेली चार अंडी परत येणार नाहीत. पण तुमच्या हाती कधी चूड असेल, कधी गाडीचे चाक, कधी अंगणातले गवत कापण्याचे यंत्र. पेटविण्यापूर्वी, चालविण्यापूर्वी, आधी एकदा फिरून बघा.

स्वाध्याय

(घरी शाब्बाथच्या जेवणानंतर मुलानातवंडांबरोबर बोलण्यासाठी)

१. पाडस पळत का नाही? जी सवय कोल्ह्यापासून वाचविते ती यंत्रापुढे घातक का ठरते?
२. कोल्हे मारून रेबीज का थांबला नाही?
३. शेमिटाच्या वर्षी रानातल्या श्वापदांचा वाटा का ठेवला असावा? आपल्या घरी असा वाटा कोणासाठी ठेवता येईल?
४. आपल्या रोजच्या कामांतले असे एक काम सांगा, ज्याच्या आधी 'एकदा फिरून बघणे' आवश्यक आहे.